सिंथ कोरडा वाटतोय, इफेक्ट कुठला घेऊ?

पत्र :

"ताई, नमस्कार. मी कळव्याला राहतो, नोकरी ऐरोलीत. आमचा एकांकिकांचा ग्रुप आहे आणि पार्श्वसंगीत मी विंगेत बसून लाइव्ह वाजवतो. इतके दिवस कॅसिओवर भागवलं, आता सेकंड हँड कॉर्ग मोनोलॉग हा सिंथ (सिंथेसायझर) घेतलाय. आवाज दणकट आहे, पण कोरडा. पट्टी सोडली की आवाज तुटतो. घरी लॅपटॉप आणि ऑडिओ इंटरफेस आहे, पण प्रयोगाला लॅपटॉप न्यायचा नाही. इफेक्टसाठी १० हजार बाजूला काढलेत. रिव्हर्ब घेऊ की डिले? ग्रुपमधला गिटारवाला म्हणतो पेडल, म्हणजे गिटारवाले पायाने चालवतात ती इफेक्टची पेटी, घे, दुसरा एक जण म्हणतो सिंथला गिटारचं पेडल लावलं तर जळेल. तिसरा म्हणतो हा सिंथच विकून आत इफेक्ट असलेला घे. स्पर्धा डिसेंबरात आहे. दिवाळीच्या सेलपर्यंत थांबू का?"

उत्तर :

सिंथ विकू नकोस. बाकीचं सावकाश सांगते.

आधी त्या तुटणाऱ्या आवाजाकडे बघू, कारण त्यावरचा अर्धा इलाज फुकट आहे. मोनोलॉगवर ईजी टाइप नावाचा तीन जागांचा स्विच आहे. तो 'गेट'वर असेल तर बोट उचलताच आवाज बंद होणारच. 'ए/जी/डी'वर आण आणि डिकेचा नॉब वाढव. आता पट्टी दाबलेली असेपर्यंत सूर टिकेल आणि सोडल्यावर हळूहळू विरेल. हे आजच करून बघ. कोरडेपणातला बराचसा भाग इथेच जाईल.

उरलेला अर्धा मात्र सिंथच्या आतून सुटणार नाही. मोनोलॉग एका वेळी एकच सूर वाजवतो. सा विरत असताना तू प दाबलास की सा संपला. मागचा सूर हवेत ठेवून पुढचा वाजवायचा तर तो सिंथच्या बाहेर कुणीतरी धरून ठेवायला हवा, आणि ते काम डिले (सूर ठरावीक वेळाने पुन्हा ऐकवणारा इफेक्ट) किंवा रिव्हर्ब (मोठ्या दालनासारखा घुमार देणारा) करतो. म्हणून एकसुरी सिंथवाल्यासाठी इफेक्ट म्हणजे वरून मारायचा रंग नाही, तो वाजवण्याचाच भाग आहे. डिलेचा फीडबॅक, म्हणजे सूर किती वेळा परत यावा ते, चढवून सा सोडायचा, त्याच्या पुनरावृत्तीवर प टाकायचा, मग कोमल ग. एक सूर वाजवणाऱ्या यंत्रातून अख्खा कॉर्ड उभा राहतो. तुझी निवड याच एका गोष्टीवरून ठरव: वाजवताना तुझा डावा हात ज्याच्या नॉबवर सहज जाईल, तो इफेक्ट तुझा. आत किती प्रकार भरलेत हा आकडा खोक्यावर छापायला बरा असतो, विंगेतल्या अंधारात त्याचा उपयोग नाही.

आता जळण्याची भीती. सिंथच्या आवाजाने पेडल जळत नाही. गिटारच्या पिकअपमधून येणारा सिग्नल अशक्त असतो आणि बहुतेक पेडलं त्याला धरून बनवलेली असतात. सिंथ लाइन लेव्हलचा, म्हणजे बराच जास्त जोराचा सिग्नल देतो. त्यामुळे पेडलच्या तोंडाशीच आवाज फाटू शकतो, एवढंच. त्यावर उपाय म्हणजे सिंथचा मास्टर व्हॉल्यूम. तुझ्याकडचा सगळ्यात मोठा आवाज लाव, फिल्टर पूर्ण उघडा, ड्राइव्ह वर, आणि खालचा सूर दाबून धर. व्हॉल्यूम शून्यापासून वाढवत ने. जिथे आवाज खरखरीत व्हायला लागेल तिथून थोडा मागे ये आणि नॉबच्या कडेला पांढऱ्या चिकटपट्टीची खूण कर. पुढचा जोर मिक्सरवर मिळवायचा. पण घाबरून सिंथ अगदीच हळू ठेवलास तर पेडलची स्वतःची सरसर वर येईल, तेव्हा खुणेच्या फार खालीही जाऊ नकोस.

पेडल खरंच जळतं ते अडॅप्टरमुळे, आणि तुझ्या बाबतीत हा धोका अगदी समोर उभा आहे. गिटारची बहुतेक पेडलं ९ व्होल्ट डीसीवर चालतात आणि त्यांच्या पिनेच्या मधल्या टोकाला ऋण असतं. कॉर्गचा केए-३५० हा मोनोलॉगला लागणारा अडॅप्टरही ९ व्होल्टचाच, पण त्याच्या मधल्या टोकाला धन. दोन्हींवर ठळक अक्षरांत ९ व्होल्ट लिहिलेलं, आणि फरक सांगणारं गोल-ठिपक्याचं चिन्ह इतकं बारीक की विंगेत दिसणारच नाही. आजच दोन रंगांच्या चिकटपट्ट्या आण. सिंथच्या अडॅप्टरला आणि त्याच्या भोकाला लाल, पेडलच्या अडॅप्टरला आणि भोकाला निळी. जुन्या बाजारात अलेसिसच्या नॅनोव्हर्बसारखी पेटी स्वस्तात दिसली तर लक्षात ठेव की ती ९ व्होल्ट एसीवर चालते, डीसीवर नाही. मूळ अडॅप्टर सोबत नसेल तर सोडून दे. आणि कुणी अमेरिकेहून आणलेला अडॅप्टर दिला तर त्यावर २३० व्होल्ट किंवा १००-२४० व्होल्ट लिहिलंय का ते वाचल्याशिवाय प्लगमध्ये घालू नकोस.

दहा हजारांतले हजार-दीड हजार अडॅप्टर आणि वायरींसाठी आधीच वेगळे काढ. सगळे पैसे पेटीवर घालवून मग सापडेल ती स्वस्त वायर लावली की आवाजातली खरखर कुठून येतेय हे शोधण्यात तालमी जातात.

रिव्हर्ब की डिले? दोन्ही एकाच पेटीत मिळतात, त्यामुळे निवडायची वेळ बहुधा येणार नाही. पण एकच घ्यायचा झाला तर तुझ्यासाठी डिले, हे मी ठामपणे सांगते. कारण तू नाटकाला वाजवतोस. गडकरी रंगायतन असो, घाणेकर असो की वाशीचं विष्णुदास भावे, नाट्यगृहाला स्वतःचा घुमार असतो. तू घरी हेडफोन लावून रिव्हर्ब छान जमवशील, आणि तोच प्रयोगात दुप्पट वाटेल. शिवाय तुझ्या संगीताच्या वर संवाद चालू असतात. लांब रिव्हर्बचं शेपूट बोलण्याच्या व्यंजनांवर बसतं. शेवटच्या रांगेतल्या माणसाला 'तो गेला' आणि 'तो मेला' यातला फरक कळेनासा होतो, आणि एकांकिकेत तो फरक म्हणजे सगळं कथानक असू शकतं. डिलेच्या दोन पुनरावृत्तींमध्ये मोकळी जागा राहते, तिथून शब्द पार होतो. छोट्या वेळाचा, एक-दोनच पुनरावृत्तींचा डिले खोलीसारखा भासही देतो. रिव्हर्बकडून मात्र ठेक्याचं काम होत नाही.

ठेक्याचं गणित सोपं आहे. ६०,००० ला बीपीएमने, म्हणजे मिनिटाला पडणाऱ्या मात्रांनी, भागलं की एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात. मोनोलॉगचा सीक्वेन्सर (धून आपोआप वाजवणारी सोय) १२० वर असेल तर मात्रा ५०० मिलिसेकंदांची आणि पाऊण मात्रा ३७५ ची. डिले ३७५ वर ठेवलास की साधी सरळ धून आपोआप धावायला लागते. पाठलागाच्या प्रसंगाला हे हमखास लागू पडतं. ८० च्या लयीत मात्रा ७५० ची होते. नट दमाने बोलणारा असेल तर तुझ्या लयीला तोच हलवणार, म्हणून टॅप टेम्पो (बटण तालात दाबून लय ठरवायची सोय) असलेली पेटी मिळाली तर बघ.

पैसे खर्च करायच्या आधी एक आठवडा घरच्या लॅपटॉपवर घालव. वल्हाला कंपनीचं सुपरमॅसिव्ह नावाचं प्लगइन, म्हणजे लॅपटॉपवर चालणारा इफेक्ट, फुकट मिळतं. डिलेपासून अवाढव्य रिव्हर्बपर्यंत सगळं त्यात आहे. इंटरफेसमधून मोनोलॉग आत घे, तुमच्या तालमीचं फोनवरचं रेकॉर्डिंग शेजारी लाव आणि संवादांवर वाजव. कुठला आवाज बोलण्याला मदत करतो आणि कुठला त्याला गिळतो हे तुला स्वतःच्या कानांनी कळेल. तेवढं कळलं की दुकानात कुणी काही गळ्यात मारू शकणार नाही.

आता नावं. तुझ्या बजेटमध्ये मी सगळ्यात आधी जुना झूम एमएस-७०सीडीआर शोधीन. कोरस (आवाज जाड करणारा इफेक्ट), डिले आणि रिव्हर्बसाठीच बनवलेलं हे एका पेडलएवढं यंत्र आहे, पण त्यात एका वेळी सहा इफेक्ट ओळीने लावता येतात. आत स्टिरिओ, बाहेर स्टिरिओ. दोन डबल-ए सेलवर चालतं, आणि तुझा मोनोलॉगही सहा डबल-ए सेलवर चालतो. म्हणजे वेळ पडली तर सगळा संच भिंतीतल्या विजेशिवाय उभा राहतो. त्याची उणीव अशी की बहुतेक गोष्टी छोट्या पडद्यावर पानं उलटून शोधाव्या लागतात. पण बहुतेक डिलेंच्या पहिल्याच पानावर टाइम, फीडबॅक आणि मिक्स असतात आणि तीन नॉब त्या तिघांवर बसतात. प्रत्येक प्रसंगाचा आवाज आधी जतन करून ठेव, डिलेचं पहिलं पान उघडं ठेवून बस, मग हाताला शोधाशोध पडत नाही. पुढे आलेला प्लसवाला एमएस-७०सीडीआर+ बजेटमध्ये मिळाला तर उत्तमच, पण त्यासाठी अडून राहू नकोस.

दुसरा पर्याय कॉर्गचा न्यूटेक्ट एनटीएस-१. मुळात तो स्वतःच एक छोटा सिंथ आहे, सुटे भाग स्क्रूने जोडायचे, सोल्डरिंग लागत नाही. पण त्याला ऑडिओ इन आहे, आणि मॉड्युलेशन, डिले, रिव्हर्ब असे तीन इफेक्ट एका वेळी त्यातून मिळतात. रिव्हर्ब गोड आहे. घरी रेकॉर्डिंग करणाऱ्याला मी हाच सुचवीन. तुला सुचवताना हात आखडतो, कारण सगळे जॅक मोबाइलच्या हेडफोनसारखे ३.५ मिलिमीटरचे, कन्व्हर्टर वायर लागणार, आणि विंगेत कुणाचा पाय वायरीत अडकला की बारीक पिना आधी जातात. वीज यूएसबीची, ती लॅपटॉपवरून दिली तर बारीक शिट्टीसारखा आवाज येऊ शकतो. पॉवर बँक लाव.

अगदी कमी पैशांत बेहरिंगरची प्लॅस्टिकच्या अंगाची पेडलं आहेत. एफएक्स६०० मध्ये डिले, कोरस, फ्लँजर, फेजर, ट्रेमोलो आणि पिच शिफ्टर असे सहा प्रकार, पण रिव्हर्ब नाही. वर सांगितलेल्या कारणांमुळे तुला तेही चालून जाईल. सगळे नॉब समोर, पानं उलटणं नाही. पायाने दणादण दाबू नकोस, टेबलावर ठेवून हाताने चालव, म्हणजे टिकेल. बॉसचा आरव्ही-६ रिव्हर्ब सुंदर आहे, पण नवा घेतलास तर तुझ्या आकड्याच्या वर जातो आणि डिलेसाठी काही उरत नाही.

पीटी२३९९ नावाच्या चिपवर बनलेले स्वस्त डिले बाजारात पुष्कळ दिसतील. कराओकेच्या मशीनमध्ये जो एको असतो तोही बहुधा याच चिपचा. वेळ लांबवला की आवाज मळका होतो आणि सरसर वाढते. गायकासाठी हा दोष आहे, पण रहस्याच्या प्रसंगात तो मळकेपणा कामाला येतो. फीडबॅक पूर्ण चढवला तर पेडल स्वतःच ओरडायला लागतं, आणि टाइमचा नॉब फिरवला की ती किंकाळी वर-खाली जाते. तुमच्या दिग्दर्शकाला हे एकदा ऐकव.

विकत घ्यायला जाताना मोनोलॉग सोबत ने. वजन १.७ किलो, बॅकपॅकमध्ये मावतो. ठाण्याहून फास्ट लोकलने सीएसएमटी, तिथून धोबी तलावापर्यंत चालत. जेर महालमध्ये फुर्ताडोचं दुकान आहे, आजूबाजूला वाद्यांची आणखीही दुकानं आहेत. वायरी, पिना, कन्व्हर्टर यांसाठी ग्रँट रोडचा लॅमिंग्टन रोड. निघण्याआधी फोन करून हवं ते मॉडेल नुसतं डब्यात आहे की डेमोला जोडलेलं आहे, एवढं विचार.

तिथे सुरेल काही वाजवत बसू नकोस, छान वाजवलं की सगळंच छान लागतं. मोनोलॉगवर अगदी छोटा, टक् असा आवाज लाव. एकदाच दाब आणि शेपूट संपेपर्यंत ऐक. चांगल्या रिव्हर्बचं शेपूट सलग विरतं. वाईट असेल तर शेवटी पत्र्याच्या डब्यासारखं टणटणतं, किंवा मध्येच तुकडे ऐकू येतात. मग मिक्स पूर्ण ओला कर, म्हणजे फक्त इफेक्टचा आवाज ठेव, आणि मूळ आवाज खरंच नाहीसा होतो का बघ. पुढेमागे मिक्सरच्या ऑक्स सेंडवर (आवाजाची प्रत इफेक्टकडे पाठवायची वाट) ही पेटी लावायची झाली तर ते लागतं. मग सगळ्यात खालचा सूर दाबून धर. सिंथचा खर्ज गिटारच्या खूप खाली जातो आणि गिटारसाठी जमवलेला रिव्हर्ब तिथे चिखल करतो. खर्ज कापायचा नॉब किंवा सेटिंग असेल तर तुझं काम सोपं. शेवटी काहीही न वाजवता आवाज वाढव आणि नुसती सरसर ऐक. शांत प्रसंगात प्रेक्षक तीच ऐकणार आहेत.

जुना माल असेल तर सेलचं झाकण उघडून बघ. स्प्रिंगवर पांढरी-हिरवी पूड असेल तर सेल गळलेले आहेत, किंमत पाड किंवा नको म्हण. प्रत्येक जॅकमध्ये वायर घालून हलकेच हलव. खरखर आली तर तो जॅक प्रयोगात दगा देणार. ठाण्यातल्याच कुणाकडून घेत असशील तर सिंथ घेऊन त्याच्या घरी जा, स्टेशनच्या पुलावर पेटी हातात घेऊन पैसे देऊ नकोस.

स्टिरिओबद्दल तू विचारलं नाहीस, पण सांगायला हवं. मोनोलॉगचा आउटपुट मोनो आहे. स्टिरिओ पेटीतून बाहेर पडताना तो दोन्ही कानांत पसरतो आणि घरी त्याची भुरळ पडते. नाट्यगृहात मात्र साउंडवाला तुला बहुधा एकच लाइन देणार. तेव्हा प्रयोगाचे आवाज जमवताना पेटीचा फक्त डावा, मोनो लिहिलेला आउटपुट वापर. काही कोरस दोन्ही बाजू एकत्र झाल्यावर पोकळ वाटतात, ते घरीच कळू दे.

विंगेतून मिक्सरपर्यंत लांब वायर साधी टाकू नकोस, साउंडवाल्याकडे डीआय बॉक्स (लांब वायरीत खरखर शिरू न देणारी पेटी) माग. आणि प्लग लाइटवाल्याच्या बोर्डात लावू नकोस. लाइट मंद करणारा डिमर खाली-वर झाला की तुझ्या स्पीकरमध्ये गुणगुण सुरू होते, आणि अंधार होतानाचा प्रसंग नेमका शांत असतो. साउंडच्या बोर्डातून वीज घे, नाहीतर पेडल सरळ सेलवर चालव. नवे सेल घाल आणि एक जोडी खिशात ठेव.

सेलची वाट बघू नकोस. जुन्या वस्तूला सेल नसतो, आणि दिवाळीनंतर डिसेंबरपर्यंत तुझ्या हाताशी मोजक्याच तालमी उरतील. आत्ता घे आणि पुढच्या तालमीपासून नटांसमोर लाव, त्यांनाही त्या आवाजावर बोलायची सवय व्हायला हवी. नाट्यगृहात चाचणीला वेळ मिळेल तेव्हा मिक्स तालमीपेक्षा कमी ठेवून सुरुवात कर, एका मित्राला शेवटच्या रांगेत बसव आणि संवाद ऐकू येतात का ते त्याला सांगू दे. रिकाम्या खुर्च्यांत घुमार जास्त वाटतो, माणसं बसली की थोडा शोषला जातो, तेव्हा अगदीच कोरडंही करू नकोस. सगळं जमलं की सिंथ आणि पेडलच्या नॉबांचे फोटो काढून ठेव. विंगेत सामान हलवणाऱ्याचा हात कधी कुठल्या नॉबला लागेल सांगता येत नाही.